घडणावळ

लग्नसराईत घेतलेल्या ठुशीचं बिल एकदा निवांत वाचून पाहावं. वर दुकानाचं नाव, त्याखाली जीएसटीचा नंबर. मग २२ कॅरेट, वजन, त्या दिवसाचा भाव, घडणावळ इतके टक्के, हॉलमार्किंगचे ४५ रुपये, ३ टक्के जीएसटी. ठुशीच्या कडीजवळ भिंग धरलं तर तीन खुणा दिसतात. बीआयएसचा त्रिकोण, ९१६ हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एक कोड, ज्याला एचयूआयडी म्हणतात. मोबाइलवरच्या ॲपमध्ये तो कोड टाकला की कोणत्या नोंदणीकृत सराफाचा हा दागिना, कोणत्या केंद्रात तो तपासला गेला, हे घरबसल्या कळतं. ठुशी केली कुणी, ते मात्र ना बिल सांगत, ना ॲप.

यंत्र आलं आणि कारागीर गेला, अशी एक तयार कहाणी आपल्याकडे आहे. हातमागावर ती सांगून झाली, छपाईच्या खिळे जुळवणाऱ्यांवर सांगून झाली, आता सोनारकामाची पाळी. संगणकावर नमुने काढणारं कॅड आलं, मेणाचे नमुने छापणारे थ्रीडी प्रिंटर आले, लेझर आलं, सोनार संपला. कहाणी अगदीच खोटी नाही. पण ती सांगणारे एक साधा प्रश्न टाळतात. हे सगळं येण्याआधी तरी ठुशीवर कुणाचं नाव होतं?

घडणावळ हा शब्दच फसवा आहे. वाटतं, घडवणाऱ्याच्या हातात पडतात ते पैसे. प्रत्यक्षात ती दुकानाची घडणावळ. तिच्यातून जागेचं भाडं निघतं, वर्तमानपत्रातली पानभर जाहिरात निघते, पाडव्याची सूट निघते आणि एक वाटा मजुरी म्हणून कारखान्यात जातो. सराफ घडणावळ टक्क्यांत लावतो, कारागिराची मजुरी बहुधा ग्रॅममागे किंवा नगामागे ठरलेली असते. एप्रिल २०२५ मध्ये १० ग्रॅम सोन्याने लाखाचा आकडा ओलांडला तेव्हा टक्क्यांतली घडणावळही त्याच्या खांद्यावर बसून वर गेली. मणी तेवढेच, डाख तेवढाच, मान मोडून बसायचे तासही तेवढेच.

खरी थट्टा पुढे आहे. तीच ठुशी दहा वर्षांनी मोडायला न्या. काटा वजन सांगतो, यंत्र कस सांगतं, घट वजा होते आणि घडणावळीच्या जागी शून्य येतं. ‘घडणावळ बुडाली’ हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या उच्चारलं गेलं आहे. म्हणून तर गोठ-बिलवर साधेच करावेत, नक्षी कमी तेवढं नुकसान कमी, असा सल्ला आज्या देत आल्या. दागिना म्हणजे अंगावर वागवायची ठेव, अडीअडचणीला कामी यावी म्हणून केलेली. दुष्काळात, मुलाच्या शिक्षणाला, मुलीच्या लग्नाला ती मोडायची आणि हात सैल झाला की पुन्हा घडवायची. या व्यवहारात शहाणपण आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण ज्या वस्तूचा शेवट मुशीत ठरलेला आहे, तिच्यावर सही कोण करणार? पेशवाईतल्या दागिन्यांची वर्णनं वाचायला भरपूर मिळतात, दागिने मात्र मोजकेच उरले. कोल्हापुरी साजाच्या २१ पानांत दशावतार आले, अष्टमंगल आले, माणिक-पाचूची पानं आली, डोरलं आलं. साज घडवणाऱ्याला मात्र एकविसांत जागा मिळाली नाही.

बरं, सोनाराची ओळख म्हणून समाजाने जे जपलं ते काय होतं? एक तर जात. सोनाराच्या घरात जन्माला आला तो सोनार, स्वतःचा शोध वगैरे घेण्याचा प्रश्नच नव्हता. आणि दुसरा संशय. शिंपी, सोनार आणि कुलकर्णी यांची संगत नको म्हणणारी म्हण सर्वांना पाठ. सोनार आईच्या दागिन्यातलंही सोनं काढतो, असं म्हणताना कुणाची जीभ अडखळत नसे. त्याच सोनाराला तान्ह्या मुलाचे कान टोचायला बोलावत आणि ‘सोनारानंच कान टोचावे’ असंही म्हणत! विश्वास आणि अविश्वास या दोन्हींच्या मधोमध ‘आमचा सोनार’ बसलेला असे. त्याच्याकडे कसोटीचा काळा दगड होता. त्या दगडावर ओढलेली रेघ वाचणं हे त्याचं ज्ञान होतं आणि ते गिऱ्हाइकाला वाचता येत नसल्यामुळे संशयही तिथेच जन्मत होता.

तंत्रज्ञानाने पहिला घाला घातला तो या दगडावर. एक्स-रे किरणांनी धातूची प्रत मोजणारं यंत्र दुकानाच्या काउंटरवर आलं. गिऱ्हाइकासमोरच्या पडद्यावर सोनं किती, तांबं किती, चांदी किती, असे आकडे मिनिटाभरात उमटू लागले. २०२१ च्या जूनमध्ये २५६ जिल्ह्यांपासून हॉलमार्किंग सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकायची सोय उरली नाही. ग्राहकाच्या दृष्टीने हे उत्तमच झालं. पण याच फेरबदलात एक गोष्ट गुपचूप घडली. जुन्या हॉलमार्कमध्ये चार खुणा असत आणि त्यातली एक सराफाच्या पेढीची असे. नव्या तीन खुणांत ती गेली, कोडाच्या पोटात विरघळली. म्हणजे आता दागिन्यावर उघड्या डोळ्यांना दिसेल असं विकणाऱ्याचंही नाव नाही. करणाऱ्याचं तर आधीही नव्हतं.

या सगळ्यात नरहरी सोनार आठवतो. पंढरपूरच्या त्या शिवभक्ताची कथा आपण हरि-हर ऐक्याची म्हणून ऐकतो. पण ती सोनारकामाची कथा म्हणूनही ऐकण्यासारखी आहे. सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा सांगितला. नरहरी विठ्ठलाचं दर्शन घेत नसे, म्हणून सावकाराने माप आणून दिलं. करगोटा झाला, कमरेला सैल पडला. दुरुस्त केला, आखूड पडला. माप बरोबर, काम चोख आणि दागिना बसत नाही! शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून नरहरी स्वतः देवळात गेला, मूर्तीला हात लावला आणि मग पुढची सगळी कथा. भक्तीचा भाग बाजूला ठेवला तरी उरतं ते असं, की दुसऱ्याने आणलेल्या मापावर केलेला दागिना आणि अंगाला हात लावून केलेला दागिना यांत फरक पडतो. याच नरहरीने आपल्या अभंगात देहाला बागेसरी म्हटलं, म्हणजे सोनाराची शेगडी. मूस, फुंकणी, हातोडा, ताजवा अशी सगळी हत्यारं त्याने अध्यात्माला जुंपली. कोण आहेस विचारल्यावर पुढ्यातली हत्यारं सांगणारा असा कारागीर विरळाच.

मग हत्यारं बदलली की माणूस बदलतो का? आज त्याच्या जागी बसलेला पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी मुशीऐवजी माउस धरते. शब्दांचा हा योगायोग गमतीचा आहे, पण फरक वाटतो तितका खोल नाही.

कॅडवर अंगठी काढतात ती अशी. पडद्यावर वळसा काढायचा, जाडी द्यायची, खड्याची बैठक काढायची, मग प्रिंटर थरावर थर देत तिचा मेणाचा नमुना तयार करतो. असे पाच-पन्नास नमुने मेणाच्याच एका खोडाला फांद्यांसारखे चिकटवायचे, त्या झाडावर प्लास्टरसारखा लगदा ओतायचा आणि भट्टीत घालायचं. मेण वितळून, जळून जातं, पोकळी राहते. त्या पोकळीत सोनं. मेणाच्या वजनाला धातूच्या घनतेने गुणलं की सोनं किती लागेल ते आधीच कळतं. २२ कॅरेटला साधारण १७ ते १८ पट. या सगळ्यात ‘आधुनिक’ काय आहे? पडदा आणि प्रिंटर. मेण घालवून धातू ओतायची कला मोहेंजोदडोच्या त्या जेमतेम साडेदहा सेंटिमीटरच्या कांस्य नर्तकीइतकी तरी जुनी, म्हणजे साडेचार हजार वर्षांची. पुतळ्यांच्या माळेतल्या पुतळ्या ठशातूनच निघत आल्या, तार जंतरातून ओढूनच बारीक होत आली. ठसा हे यंत्र नव्हे तर दुसरं काय? एका ठशातून शंभर पुतळ्या काढणारा सोनार ‘हातकाम’ करतो आणि एका फाइलवरून शंभर अंगठ्या काढणारी मुलगी ‘यंत्रकाम’ करते, ही वाटणी तर्काला धरून नाही.

कामाची वाटणीही यंत्राने केली असं म्हणायची सोय नाही. सोनं शुद्ध करणारे गलाईवाले वेगळे होते आणि आहेत. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून निघून त्यांनी भारतभरच्या सराफ बाजारांत भट्ट्या मांडल्या. दुकानासमोरची धूळ धुऊन कण वेचणारे झारेकरी वेगळे, माळा गाठवणारे पटवेकरी वेगळे, कुंदन बसवणारे वेगळे. मुंबईच्या झवेरी बाजारातल्या पोटमाळ्यांवर हुगळी-मेदिनीपूरकडची बंगाली पोरं नथी बांधतात आणि त्या नथी नऊवारीवर अस्सल मराठी म्हणून मिरवतात. त्यात वावगं काहीच नाही. नथीचं मराठीपण ती बांधणाऱ्याच्या मातृभाषेवर अवलंबून नसतं. पण मग सोनाराची ओळख जातीत नाही, प्रांतात नाही आणि हत्यारातही नाही, हे कबूल करावं लागतं.

‘हस्तकला’ या पाटीखाली आसरा घ्यायचा मोह इथेच होतो. प्रदर्शनांतून, मोबाइलवरच्या दुकानांतून ती पाटी हल्ली सर्रास दिसते. हातानं केलेलं म्हणून महाग, हातानं केलेलं म्हणून पवित्र. या पाटीत अर्धसत्य आहे आणि तेच तिचं दुखणं आहे. उदाहरणाला नथच घ्या.

नथीला मोती आले की आगीशी वैर आलं. मोत्याला ज्योत सोसत नाही, तो करपतो, पाणी जातं. म्हणून नथीत डाखाचं काम आधी आणि मोती नंतर. सोन्याच्या तारेत मोती ओवायचे, बारीक तारेचे वेढे देत ते एकमेकांना आवळायचे, आणि हे सगळं थंड. आता अशी नथ जुनी होऊन दुरुस्तीला येते. मागची तार तुटलेली. पूर्वी सोनार सगळे मोती सोडवायचा, कापडावर क्रमाने मांडायचा, तारेला डाख द्यायचा, तेजाबात उजळायचा आणि नथ पहिल्यापासून बांधायचा. सोडवताना एखादा झिजलेला मोती फुटला तर त्याच्या जोडीचा मोती शोधण्यात आठवडा जाई. आज लेझर वेल्डिंगच्या पेटीत दोन्ही हात घालून कारागीर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो, तारेची दोन टोकं नखाने भिडवतो आणि पायाने खटका दाबतो. टाचणीच्या टोकाएवढ्या जागी, डोळ्याचं पातं लवायच्या आत, सांधा बसतो. शेजारच्या मोत्याला धग लागत नाही. आजीच्या नथीतले मोती आजीच्याच हयातीतल्या क्रमात राहतात. जुन्या दागिन्याशी अधिक इमान कोणाचं, ज्योतीचं की लेझरचं?

मात्र टोकं भिडवायला बोट लागतंच. भिडली की नाही ते कळायला लागतं ते तर वर्षांनी येतं.

हे म्हणताना यंत्राची भलामण करायचा हेतू नाही. अंधेरीचं सीप्झ १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी वसवलं गेलं आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून तिथे दागिन्यांचे कारखाने भरत गेले. वीज, संगणक, ओतकामाच्या भट्ट्या, परदेशी मापं. तिथे कामाला लागलेल्याला नियमित पगार मिळाला, तेजाबाच्या धुरातून सुटका मिळाली. झवेरी बाजारातल्या कोंदट माळ्याची ज्यांना आठवण येते, त्यांनी बहुतेक तो खालूनच पाहिलेला असतो. पण कारखान्यात एकाच माणसाने आयुष्यभर फक्त खड्यांच्या नख्या दाबायच्या, ही शिक्षाही तितकीच खरी. अंगठी कुणाच्या बोटात जाणार हे त्याला माहीत नसतं, आणि कुणाच्या हातून आली हे बोटालाही.

शिवाय सोनाराला रस्त्यावर आणणारा सर्वांत मोठा फटका यंत्राचा नव्हताच. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. परकीय चलन वाचावं, लोकांची सोन्याची हाव कमी व्हावी, हा हिशेब. २२ कॅरेटच्या मऊपणावर ज्यांचे हात तयार झाले होते त्यांना रातोरात कडक, मिसळीचं सोनं पुढ्यात आलं आणि गिऱ्हाइकाने तर पाठच फिरवली. देशभर सोनारांनी मोर्चे काढले, अनेकांनी आत्महत्या केल्या. १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा रीतसर कायदा झाला. तो रद्द व्हायला १९९० उजाडलं, आणि रद्द करणारे अर्थमंत्री होते कोकणातून निवडून येणारे मधु दंडवते. मधल्या २७ वर्षांत एक अख्खी पिढी शिकायची राहिली. सोनाराच्या मुलाने बँकेची, एसटीची नोकरी धरली ती कॅड यायच्या किती तरी आधी. आज ‘जुनी कला लुप्त होतेय’ म्हणून हळहळणाऱ्या लेखांत १९६३ हे साल सहसा सापडत नाही.

नाव लावण्याचा प्रश्न दुसऱ्या मुलखांनी कसा सोडवला? इंग्लंडात १३६३ च्या कायद्याने प्रत्येक उस्ताद सोनाराला स्वतःची खूण ठेवणं भाग पाडलं. कौतुकासाठी नव्हे. माल खोटा निघाला तर कुणाची मान धरायची हे कळावं म्हणून! पुढे त्या खुणेचीच प्रतिष्ठा झाली. हेस्टर बेटमन ही लंडनची बाई. नवरा साखळ्या करायचा, तो १७६० मध्ये वारला. पुढच्याच वर्षी तिने गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये ‘एचबी’ ही आपली खूण नोंदवली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं असं मानतात. मुलं, सुना, कारागीर घेऊन तिने चांदीचा कारखाना वाढवला आणि स्पर्धेत टिकण्यासाठी त्या काळचं नवं तंत्र उचललं, यंत्रात लाटलेला पातळ चांदीचा पत्रा. प्रत्येक चमचा तिने स्वतः ठोकला असणं अशक्य. तरीही आज तिच्या खुणेची चहादाणी चांदीच्या वजनाने विकत नाहीत. खूण सांगते ती इतकंच, की या वस्तूचं बरंवाईट माझ्याकडे.

आपल्याकडेही नावं कधी कधी निसटून हाती लागतात. गोव्याचा रावळू शेट्टी, पोर्तुगीज कागदांतला ‘राऊलू शातिं’, सोळाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत लिस्बनला राजा मॅन्युएलच्या दरबारी काम करून आला. तो आपल्याला ठाऊक आहे तो परक्या कारकुनाने लिहून ठेवला म्हणून.

आजच्या तरुण घडवणाऱ्यापुढे अडचण उलटी आहे. नाव लावायला जागा मुबलक झाली आणि नाव टिकेना. नवी कर्णफुलं केली, मोबाइलवर फोटो टाकला, चार दिवसांत दुसऱ्या शहरात त्याचा ठसा तयार. कायदा काय म्हणतो ते यातल्या फारच थोड्यांना कुणी सांगितलेलं असतं. ज्या कलाकृतीची डिझाइन म्हणून नोंदणी होऊ शकते पण केलेली नाही, तिच्या ५० पेक्षा जास्त प्रती यंत्राने काढल्या की १९५७ च्या कायद्याखालचा कॉपीराइट संपतो. मग २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करावी. तिथे १० वर्षांचं आणि वाढवून आणखी ५ वर्षांचं संरक्षण मिळतं. पण नोंदणीआधी नमुना जगजाहीर झाला असेल तर तो ‘नवा’ राहत नाही. म्हणजे आनंदाच्या भरात टाकलेला फोटोच आपल्या हक्कावर पाणी सोडतो. दागिन्यांच्या अभ्यासक्रमांत रत्नपरीक्षा शिकवतात, कॅड शिकवतात, तिथे हे दोन कायदे पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवेत.

आता तर गिऱ्हाईकच चित्र घेऊन येतं. एआयने काढलेलं. त्यात हार अप्रतिम असतो, फक्त तो गळ्यात राहील कसा याचा पत्ता नसतो. कड्या कुठे अडकतात ते चित्राला माहीत नाही, पदकाचं वजन साखळीला झेपेल का माहीत नाही, नथीचा फास नाकात शिरणार कुठून ते तर मुळीच नाही. अशा वेळी समोर बसलेला सोनार जे बोलतो ती त्याची खरी ओळख. “हे पान एवढं पातळ नको ताई, केसात अडकेल. आणि हे मागून मोकळं ठेवू, घामानं काळं पडतं.” नरहरीने मूर्तीच्या कमरेला लावलेला हात तो हाच. हे ज्ञान अंगावर दागिना वागवणाऱ्या माणसांना वर्षानुवर्षं पाहून येतं आणि ते बोलणारा कॅडवर बसलाय की बागेसरीपुढे, याने त्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो त्याला गिऱ्हाइकासमोर बसू दिलं जातं की नाही, याने. बहुतेक मोठ्या दुकानांत काउंटरवर सेल्समन असतो आणि हे वाक्य बोलू शकणारा माणूस दोन जिने वर किंवा चार गावं पलीकडे.

त्याचं नाव बिलावर यायला कोणाची हरकत असावी? कोड कोरणारं लेझर दागिन्यावर दोन अक्षरं जास्त कोरायला काही सेकंदांपलीकडे वेळ घेणार नाही. बिलाच्या संगणकात एक रकाना वाढेल. दुकानदाराला भीती वाटते ती गिऱ्हाईक उद्या थेट कारागिराकडे जाईल याची आणि ती भीती व्यवहारी आहे, तिची चेष्टा करू नये. पण पुस्तकावर लेखकाचं नाव छापल्याने प्रकाशक बुडाले नाहीत. नाव कळलं की काही गिऱ्हाइकं त्याच हाताचा दागिना मागतील, मोडायला आणलेल्या ठुशीकडे बघून ‘ही अमक्याची, मुशीत नको घालायला’ असं एखादा सराफ म्हणेल आणि घडणावळीच्या जागी शून्याऐवजी काहीतरी आकडा येईल. किती, ते बाजार ठरवील.

तोवर नथ आहे. २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे कित्येक नथींवर त्रिकोण नाही, ९१६ नाही, कोडही नाही. कोरायला जागाच नाही, सगळा तारेचा आणि मोत्यांचा कारभार. पण मुरलेल्या कारागिरापुढे पंधरा वर्षांपूर्वीची नथ ठेवली तर तो ती उलटी करतो, दिव्याखाली धरतो आणि शेवटचा वेढा कुठे संपतो ते बघतो. तारेचं टोक बोचू नये म्हणून कुठेतरी दडवावं लागतं. कुणी ते मधल्या खड्याच्या मागे घेतो, कुणी दोन मोत्यांच्या फटीत दाबतो, कुणी उलटा पीळ देऊन तारेतच मुरवतो. टोक सापडलं की तो नथ खाली ठेवतो आणि सांगतो, ही माझी, किंवा ही माझी नाही.